ती छत्री परत केली का? मराठी वाहिन्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रम प्रमुख, मालिकांचे निर्माते आणि कथा-पटकथा-संवाद लिहिणारी सगळी मंडळी

विषय: हळूहळू फुलणाऱ्या प्रेमकथांची हेळसांड

सप्रेम नमस्कार,

कराडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे तीन मशीन, कोपऱ्यात फॉल-पिकोचं मशीन आणि त्याच्या वर भिंतीला टीव्ही. संध्याकाळी सात ते साडेनऊ तो चालू असतो. त्या वेळात कटिंग करायचं नाही असा माझा नियम आहे, कारण कात्री चुकली की चुकली. तेव्हा आम्ही हूक लावतो, काजं करतो, लोंबणारे दोरे कापतो. म्हणजे खरं सांगायचं तर आम्ही मालिका बघत नाही, ऐकतो. ढॅण ढॅण ढॅण झालं की समजायचं, कुणीतरी दारात येऊन उभं राहिलंय. मान वर करायचीही गरज नसते.

पण क्वचित कधीतरी टीव्ही गप्प होतो. कुणी बोलत नाही, संगीत नाही, नुसता कपबशीचा नाहीतर पंख्याचा आवाज. तेव्हा आम्ही चौघीही मान वर करतो. मी, कामाला असलेल्या दोन मुली आणि खुर्चीत बसून माळ ओढणाऱ्या माझ्या सासूबाई. त्या गप्प जागा तुम्ही एकेक करून बुजवत चालला आहात, म्हणून हे पत्र.

निमित्तही सांगते. मागच्या पावसाळ्यात तुमच्यापैकी एका वाहिनीवर साडेआठला एक मालिका सुरू झाली. नाव लिहीत नाही. ज्यांनी बंद केली त्यांना कळेलच, आणि ज्यांनी जीव लावून केली होती त्यांना आणखी त्रास नको. तालुक्याच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा एक माणूस, चाळिशीचा. समोर झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी एक बाई, त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात धो धो पाऊस येतो, तिच्या हातात कुणाचे तरी सातबाराचे कागद असतात, आणि हा काही न बोलता स्वतःची छत्री तिच्या काउंटरवर ठेवून भिजत निघून जातो. झालं. एवढंच.

पुढचे साडेपाच महिने ती छत्री झेरॉक्स मशीनच्या मागे होती. तो मागत नाही. पाऊस आला की भिजत घरी जातो, ती काचेतून बघते. तीही परत देत नाही, कारण दिली की मग तो रस्ता ओलांडून येईल कशाला? हे ती कधी तोंडाने बोलली नाही आणि लिहिणाऱ्यानेही शहाणपणा करून तिला बोलू दिलं नाही. छत्रीची एक काडी कापडातून निसटलेली होती. तिने ती दोऱ्याने टाचली, पांढऱ्या दोऱ्याने, हाताशी दुसरा नव्हता म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने तो दोरा उसवला आणि काळा आणून पुन्हा टाचली. आमच्या दुकानात ते दोन भाग सणासारखे साजरे झाले. ज्याने लिहिलं त्याच्या घरात कुणीतरी शिवणारं असणार, एवढं मी पैजेवर सांगते.

ऑक्टोबरात साडेआठची वेळ गेली आणि मालिका संध्याकाळी सहाला आली. दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी सहाला कुठल्या बाईला टीव्ही बघायला सवड असते हे तुम्ही तुमच्या घरात विचारून बघायला हवं होतं. तरी आम्ही गिऱ्हाइकांच्या खांद्यावरून बघत राहिलो. डिसेंबरातल्या एका शनिवारी ती छत्री हातात घेऊन निघाली, रस्ता ओलांडला, कोर्टाच्या फाटकापाशी आली आणि थांबली. तो टाइप करत होता, त्याची मान खाली. भाग संपला.

सोमवारी टीव्ही लावला तर पडद्यावर अक्षरं: 'सहा वर्षांनंतर'. तो पुण्यात बिल्डर झालेला, अंगात सूट. ती एका मुलीची आई. मधे कुणाची तरी जुळी बहीण आणि तिचं कारस्थान. टाइपरायटर नाही, झेरॉक्स नाही, छत्रीचा तर पत्ताच नाही. महिन्याभरात मालिका गाशा गुंडाळून गेली. सासूबाई चार दिवस विचारत होत्या, "अगं, तिनं दिली का न्हाई त्याला?" मी काय सांगू?

तुम्ही म्हणाल, बाई, एका मालिकेचं एवढं काय मनावर घ्यायचं. तर माझा यात काय संबंध तेही सांगते, मग तक्रारी.

माझं लग्न १९९७ साली ठरवून झालं. बघायला आले तेव्हा आम्ही एकमेकांशी चार वाक्यं बोललो असू, त्यातली दोन चहाबद्दल. लग्नानंतर घरात एक चांगला माणूस होता, पण ओळखीचा नव्हता. मी तेव्हा घरीच शिवायचे. रीळ आणायला बाजारात जाताना कापडाचा तुकडा बरोबर न्यायचा, ही शिवणाऱ्या बाईची पहिली शिकवण. रंग डोक्यात धरून कुणी रीळ आणत नाही, हमखास फसतं. आमच्या यांना तर गुलाबी आणि राणी कलर यांतला फरक विचारला तरी घाम फुटायचा. लग्नाला आठ-नऊ महिने झाले असतील. एका गिऱ्हाइकाचं चिंतामणी रंगाचं ब्लाऊज निम्म्यावर आलं आणि रीळ संपलं. चिंतामणी म्हणजे धड निळा नाही, धड हिरवा नाही, दिव्याखाली वेगळा, उन्हात वेगळा. मी कुणाला काही बोलले नव्हते, नुसतं मशीनवर झाकण घातलं होतं. दुसऱ्या दिवशी हे कामावरून आले, खिशातून रीळ काढून मशीनच्या फळीवर ठेवलं आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. मी रीळ कापडावर धरलं. तंतोतंत. तुकडा नेलाच नव्हता. त्या रात्री माझ्या दोन भाकऱ्या करपल्या.

एवढीच माझी प्रेमकथा. तुमच्या भाषेत सांगायचं तर यात एकही 'हाय पॉइंट' नाही.

आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की हा प्रकार मराठी मालिकेच्या हाडातला आहे. पुण्याला शिकणारी माझी भाची परदेशी मालिका बघते. त्यांत बरेचदा दोघं भेटतात, भांडतात, लांब जातात, जवळ येतात आणि लग्नापाशी गोष्ट संपते. आपल्याकडे उलटं. लग्न पहिल्या महिन्यातच उरकतं आणि मग दोघांची ओळख व्हायला सुरुवात होते. आमच्या आयांचं, आमचं, कितीतरी घरांतलं हे असंच झालं. त्यामुळे एका खोलीत राहणारी दोन अनोळखी माणसं हळूहळू एकमेकांची कशी होतात, हे दाखवायला तुम्हाला कुठून उसनं आणायची गरज नाही.

तुम्हाला ते येत नाही असंही नाही. २०१२ ची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आठवा. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला लग्नच नकोय, आणि घरच्यांच्या आग्रहातून सुटायला दोघं करार करून लग्न करतात, पुढे घटस्फोट घ्यायचा हे आधीच ठरवून. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. दिग्दर्शक सतीश राजवाडे. त्या मालिकेत दोघांना वेगळं करायला कुणी विषाची बाटली घेऊन आलं नाही. अडथळा कुठे होता? त्यांच्या स्वतःच्याच ठरावात. जे ठरवलंय ते मोडावंसं वाटतंय, पण आधी कोण कबूल करणार, यावर अख्खी गोष्ट चालली. आणि जानेवारीत सुरू झालेली ती गोष्ट सांगून झाल्यावर त्याच वर्षी संपली! हे मी तुम्हाला मुद्दाम ठासून सांगते आहे. लोक अजून आठवण काढतात ते ती वर्षानुवर्षं चालली म्हणून नव्हे.

पुढच्याच वर्षी 'जुळून येती रेशीमगाठी' आली. मेघनाचं प्रेम दुसऱ्यावर, लग्न आदित्य देसाईशी. हे कळल्यावर आदित्य आदळआपट करत नाही, हक्क गाजवत नाही. तिला तिचं माणूस मिळावं म्हणून स्वतः मदत करायला निघतो, आणि त्या मदतीतच ती त्याच्याकडे वळते. ललित प्रभाकर आणि प्राजक्ता माळी. त्या मालिकेतलं मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर घरातली म्हातारी माणसं. सुनेला वेळ लागतोय हे नाना-माईंना कळत होतं आणि त्यांनी तो वेळ तिला दिला. मालिकेतल्या सासूने सुनेला वेळ देणं म्हणजे केवढी गोष्ट! माझ्या सासूबाई तेव्हा तो भाग चुकवायच्या नाहीत. मला टोमणा मारायला त्यांना माईंचा उपयोग नव्हता, तरीही.

आमच्या जिल्ह्याची म्हणून 'लागिरं झालं जी' अर्थातच लाडकी. २०१७ ची. शूटिंग साताऱ्याकडचं, भाषा आमची, अज्या आणि शीतली सुरुवातीला एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. दुकानातल्या मुली तेव्हा शाळेत होत्या, त्यांना अजून संवाद पाठ आहेत. ती प्रेमकथा संथ होती का यावर आमच्यात वाद आहे. मी नाही म्हणते, त्या हो म्हणतात.

'अग्गंबाई सासूबाई' मात्र निर्विवाद. रेशीमगाठीतले नाना, म्हणजे गिरीश ओक, इथे शेफ अभिजित राजे झाले, आणि निवेदिता सराफ आसावरी. घरात सासरे, लाडावलेला मुलगा बबड्या आणि सून, आणि या बाईला स्वतःसाठी काही हवं असतं हेच मुळात ठाऊक नाही. तिला हवं म्हणायला शिकायलाच किती दिवस लागले. दुकानात येणाऱ्या पन्नाशीच्या बायका ब्लाऊजचं माप देताना त्या मालिकेबद्दल बोलायच्या, आवाज खाली आणून. त्यांच्यातल्या एकीने, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेल्या, तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडून गडद रंगाचं ब्लाऊज शिवून घेतलं. मालिकेमुळेच असं मी म्हणणार नाही. पण माप देताना ती आसावरीबद्दलच बोलत होती.

२०२१ च्या 'अजूनही बरसात आहे'मध्ये मीरा आणि आदिराज, दोघं डॉक्टर, एकदा मोडलेलं प्रेम बऱ्याच वर्षांनी पुन्हा समोर आलेलं. तीही वर्षभराच्या आत संपली आणि बरोबर संपली.

म्हणजे तुमच्या कपाटात माल आहे. मग दुकानात काय मांडता? आता तक्रारी.

पहिली आणि मुख्य. हळू म्हणजे लांब नव्हे. तुम्ही या दोहोंची गल्लत करता आणि वर आम्हाला सांगता की प्रेक्षकांना संथ गोष्ट आवडत नाही. आमच्या धंद्यात पक्की टीप मारायच्या आधी धावदोरा घालतात. लांब लांब टाके, सैल, केव्हाही ओढून काढता येतील असे. मग अंगावर घालून बघायचं, इथे घट्ट होतंय, तिथे सोडायचं, आणि मग मशीनवर टीप. त्याला वेळ लागतो, पण प्रत्येक टाक्याला कापड पुढे सरकत असतं. संथ प्रेमकथा म्हणजे हे. रोज काहीतरी सरकलं पाहिजे, मग ते पांढऱ्या दोऱ्याच्या जागी काळा येण्याएवढं का असेना. तुम्ही काय करता? मशीनचं चाक फिरवता आणि सुईत दोराच नसतो. अपहरण, स्मृतिभ्रंश, दुधात औषध, खोटं गरोदरपण, मंगळसूत्र तुटून मणी सांडणं. दीडशे भागांनंतर ती दोघं पहिल्या भागात होती तिथेच असतात, फक्त साड्या बदललेल्या. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या श्री आणि जान्हवीवर सगळ्या महाराष्ट्राने जीव टाकला होता. 'काहीही हं श्री' घराघरात म्हटलं जायचं. त्याच जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की व्हॉट्सॲपवर विनोदांचा पाऊस पडला. ज्या जोडप्याकडे बघून लोक लाजत होते त्याच्यावर लोक हसायला लागले. ते प्रेक्षकांनी केलं नाही.

दुसरी. दिलेलं काढून घेऊ नका. 'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीकडे या. आशुतोष केळकर कॉलेजपासून तिच्यावर प्रेम करत राहिलेला, कधी न बोललेला. तो आला तेव्हा तिचा संसार मोडून झालेला होता, मुलं मोठी झालेली होती, आणि 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न तिच्या स्वतःच्या घरातच बसलेला होता. ओंकार गोवर्धन आणि मधुराणी प्रभुलकर यांनी तो अवघडलेपणा असा सांभाळला की मी हातातलं काज अर्धं सोडून बघत बसायचे. त्याने घाई केली नाही. तिने 'हो' म्हणायला घेतलेला वेळ तिचा होता. बरं, झालं लग्न. आणि मग पुढे एका अपघातात तुम्ही त्याला मारून टाकलंत. मला ठाऊक आहे, गोष्टीत माणसं मरतात, आयुष्यातही मरतात. माझं भांडण मरणाशी नाही. पण एवढ्या वर्षांनी सुखापाशी पोचलेल्या बाईकडून ते काढून घेतलं की टीव्हीसमोर बसलेल्या तिच्यासारख्या बाईला काय ऐकू येतं, याचा विचार तुमच्या बैठकीत कुणी केला होता का? आमच्या दुकानात त्या संध्याकाळी सासूबाईंनी टीव्ही बंद करायला लावला. म्हणाल्या, "तिला देतंय कोण सुखानं जगू."

तिसरी. प्रोमोत खोटं बोलू नका. आठवडाभर दाखवायचं की तो गुडघ्यावर बसून तिला विचारतोय, आणि भागात ते कुणाचं तरी स्वप्न निघतं. एकदा झालं, हसून सोडलं. आता प्रोमोत कबुली दिसली की दुकानातली धाकटी मुलगी आधीच म्हणते, "स्वप्न असणार." म्हणजे खरी कबुली येईल त्या दिवशीही तिला ती खरी वाटणार नाही. स्वतःच्याच मालाची किंमत अशी का घालवता?

चौथी तक्रार थोडक्यात, कारण ती जुनी आहे. रोज बाईच्या मागे फिरणं, ती नाही म्हणत असताना तिच्या खिडकीखाली उभं राहणं, आणि शेवटी तिने पाघळणं, याला तुम्ही हळूहळू जमलेलं प्रेम म्हणता. तो चिवटपणा आहे. प्रेम हळूहळू दोघांचं जमतं, एकाने दुसऱ्याला दमवून नव्हे. माझ्या दुकानातल्या मुली एसटीने येतात-जातात. त्यांना या दोन गोष्टींतला फरक कळायची गरज तुमच्या-माझ्याहून जास्त आहे.

पाचवी. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि शुक्रवारपासून माणसांचे स्वभाव बदलायला लागतात, हे आता प्रेक्षकांनाही माहीत झालंय. चांगला असलेला दीर एका आठवड्यात कपटी होतो. हळव्या नायिकेला अचानक तलवारीसारखी जीभ फुटते. ते मोजायचं मीटर आमच्या घरात नाही, आमच्या गल्लीत कुणाकडे असल्याचं मला ठाऊक नाही. मग त्या मालिकेचं साडेआठला काय चाललं होतं, हे तुम्हाला कसं कळलं? आमच्या दुकानात साडेआठला चार बाया असायच्या, शेजारच्या मेडिकलमधला मुलगा दारात उभा राहायचा, आणि समोरचा चहावाला छत्रीचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी विचारून घ्यायचा. हे सहा जण कुठल्या आकड्यात धरले होते?

तुमच्या अडचणी मला अगदीच कळत नाहीत असं नाही. आठवड्याचे सहा दिवस भाग द्यायचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कधीकधी सीनचे कागद त्याच दिवशी सेटवर पोचतात म्हणे. कलाकार बारा-बारा तास उभे. लग्नसराईत आम्हीही असंच मरतो आणि तेव्हा माझ्याही हातून एखादी बाही उलटी लागते. पण मग मी ती उसवते. गिऱ्हाइकाला सांगत नाही की हीच फॅशन आहे.

भाचीने मागच्या मे महिन्यात मला 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही कोरियन मालिका दाखवली. दक्षिण कोरियातली एक श्रीमंत बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात पडते आणि तिथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी लपून राहते. गोष्ट काहीच्या बाही, हे मी कबूल करते. पण भाग किती? १६. पहिला भाग बघतानाच मला माहीत होतं की हे सोळाव्या भागात संपणार आहे, म्हणून मी निवांत होते. तो तिला कॉफी करून देतो, बिया भाजण्यापासून, आणि त्याला हवा तेवढा वेळ घेतो. घाई नाही, कारण शेवट कुठे आहे ते लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. मोबाईलवर मी खाली येणारी अक्षरं वाचत होते, निम्मी समजत नव्हती, तरी कॉफीच्या प्रसंगाला हातातली सुई थांबली. ती थांबायला मला कोरियाला जावं लागलं, हे तुम्हाला लागायला हवं.

आता मागण्या. जास्त नाहीत.

एक. वर्षातून निदान एक तरी मालिका अशी करा की जिचे भाग आधी ठरलेले असतील. शंभर म्हणा, सव्वाशे म्हणा. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगा. तुम्ही दिलेल्या मुदतीपर्यंत आम्ही थांबतो. ब्लाऊज कधी मिळणार हे सांगितलं की गिऱ्हाईकसुद्धा रोज फेऱ्या मारत नाही.

दोन. मालिकेची वेळ बदलायची असेल तर पंधरा दिवस आधी पडद्यावर लिहा. बंद करायची असेल तर कथेला शेवट करण्यापुरते दहा भाग द्या. शिवायला घेतलेलं कापड अर्धवट परत देत नाहीत. उपकार म्हणून मागत नाही, तो रिवाज आहे.

तीन. कबुलीच्या आदल्या दिवशी 'काही वर्षांनंतर' करू नका. लीप घ्यायची तर घ्या, पण जो प्रसंग बघायला लोक महिनोन्‌महिने थांबलेत तो दाखवून मग घ्या.

चार. चाळिशी-पन्नाशीच्या माणसांच्या प्रेमकथा आणखी येऊ द्या, आणि त्यांत त्यांची मुलं दरवेळी खलनायक नसू द्यात. बबड्या एक झाला, तेवढा पुरे.

पाच. हाताने काम करणारी माणसं घ्या. दरवेळी नायक कुठल्या तरी उद्योगसमूहाचा वारस कशाला? टायपिस्ट आणि झेरॉक्सवाली आम्हाला चालले होते. त्याच्या बोटांना शाईची रिबन बदलताना लागलेला काळा डाग होता, आणि पावसात तो पुसला जायचा. ते बघायला आम्ही थांबायचो. बिल्डरच्या सुटाला कुठला डाग?

सहा. आठवड्यातून एकदा, एका सीनमध्ये, पार्श्वसंगीत बंद ठेवा.

एवढंच. मी सह्यांची मोहीम काढणार नाही, वाहिनीवर बहिष्कारही नाही. तसा बहिष्कार टाकून आमची करमणूक काय, भिंत बघायची? दुकान सुरू आहे, टीव्ही सुरू आहे. कधी कराडला शूटिंगला आलात आणि नायिकेच्या ब्लाऊजची बाही ऐनवेळी दाटली तर या, अर्ध्या तासात सैल करून देईन, पैसे घेणार नाही.

कळावे,
आपली
एक प्रेक्षक, कराड

ता. क. हे पत्र त्या मालिकेच्या लेखकापर्यंत पोचलं तर त्यांना एवढंच विचारायचं आहे. ती फाटकापाशी उभी होती, त्याची मान खाली होती. पुढचं पान तुम्ही लिहून ठेवलं असेल ना? तिने छत्री परत केली, की तशीच घेऊन माघारी वळली? दाखवू नका हवं तर, दोन ओळींत कळवा. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी आहे, त्यांना सांगायचंय.